विमानाचा पल्ला आणि प्रवाशाचा दिवस

राज्यातल्या एखाद्या मध्यम शहरातून नवं विमान सुरू होणार अशी बातमी आली की वादाला तोंड फुटतं, आणि दोन्ही बाजू त्याच दोन आकड्यांना धरून बसतात. एक बाजू म्हणते, रेल्वेला अख्खी रात्र लागते आणि विमान तासाभरात पोचवतं, मग विचार कसला करायचा? दुसरी बाजू म्हणते, तीनशे किलोमीटरसाठी विमान म्हणजे चैन, तेवढ्या पैशात एसटीच्या किती गाड्या येतील! दोघांच्याही हातात नकाशावरचं अंतर आणि हवेतला वेळ एवढंच असतं. या दोन आकड्यांवरून मार्ग योग्य की अयोग्य हे ठरतच नाही. ते ठरतं तीन गोष्टींवर: जमिनीवरची वाट किती वळसा घालते, घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत एकूण किती वेळ लागतो, आणि विमान रोज व नेमाने जातं का. या तीन कसोट्या लावल्या तर सरकारी मदत आज जिथे सहज मागितली जाते त्या मुंबईच्या वाटेपेक्षा मुंबईला न जाता दोन शहरं थेट जोडणाऱ्या कोल्हापूर-नागपूरसारख्या आडव्या जोडीचा हक्क मोठा ठरतो. माझी बाजू तीच आहे.

आधी हवेतला वेळ म्हणजे काय ते नीट पाहू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर काढणं अवघड नाही. एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, आणि आपल्या भागात एक रेखांश म्हणजे साधारण १०५. कोल्हापूर आणि नागपूर यांच्यात अक्षांशांचा फरक जवळपास साडेचारचा, रेखांशांचा पावणेपाचचा. पायथागोरसच्या नियमाने उत्तर येतं सुमारे ७०० किलोमीटर. याच रीतीने कोल्हापूर-मुंबई सुमारे ३१० किलोमीटर भरतं. आता एटीआर ७२ हे पंख्याचं विमान पूर्ण वेगात ताशी साधारण ५०० किलोमीटर जातं, म्हणून कुणी ३१० ला ५०० ने भागतो आणि ‘३७ मिनिटांत मुंबई’ असं सांगतो. ते खरं नसतं. वेळापत्रकातला वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लागेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं येतं, वर चढताना कमी असलेला वेग येतो, आणि उतरण्याची तयारीही येते. साधा हिशेब असा की दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल लागतात. म्हणजे २०,००० फुटांवरचं विमान ६० सागरी मैल, अर्थात ११० किलोमीटर आधीच खाली यायला लागतं. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० सागरी मैलांची, वेगमर्यादा असते. शेवटी वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीच्या योग्य टोकाला वळसा घालून यावं लागतं, आणि मुंबईवर गर्दी असेल तर घिरट्याही घालाव्या लागतात. त्यामुळे लहान पल्ल्यात जवळजवळ अर्धा वेळ या न चुकणाऱ्या गोष्टींत जातो. पल्ला लांबला तरी हा भाग तेवढाच राहतो. विमान लांब पल्ल्याला परवडतं आणि आखूड पल्ल्याला परवडत नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

वाऱ्याचा भागही लहान नाही. हिवाळ्यात आपल्यावर वरच्या हवेत पश्चिमेचे वारे असतात. मुंबईहून विदर्भाकडे जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. तीस नॉटचा वारा जेटला फारसा जाणवत नाही. पावणेतीनशे नॉटच्या एटीआरच्या वेगाचा मात्र तो दहावा हिस्सा खातो. त्याच मार्गावर जाण्यायेण्याच्या वेळात पाच-दहा मिनिटांचा फरक दिसतो, तो बहुधा यामुळे.

आता घरापासून कामापर्यंतचा हिशेब मांडू. कोल्हापुरातल्या माणसाला मुंबईत फोर्टात काम आहे. घरातून उजळाईवाडीच्या विमानतळावर पोचायला अर्धा तास. काउंटर उड्डाणाआधी पाऊणएक तास बंद होतं, म्हणून सव्वा तास आधी हजर राहायला हवं. विमानाचा वेळ एक ते सव्वा तास. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि तिथून दक्षिण मुंबई गाठायला एक ते दीड तास. बेरीज साडेचार तासांच्या आसपास. आता त्याच माणसाला नागपूरला जायचंय. इथले पावणेदोन तास तेच. विमानाचा वेळ जेट असेल तर साधारण एक तास वीस मिनिटं, एटीआर असेल तर पावणेदोन-दोन तास. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच. बाहेर पडून सीताबर्डीला पोचायला पाऊण तास पुरतो. बेरीज पुन्हा चार ते साडेचार तास. पल्ला दुपटीहून अधिक, आणि प्रवाशाचा वेळ तेवढाच. हवेत वाचवलेला वेळ मुंबईच्या रस्त्यावर परत द्यावा लागतो. नागपुरात द्यावा लागत नाही.

आणि जमिनीवरचा पर्याय? मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. रात्री जेवून बसायचं, सकाळी उतरायचं. रेल्वेचं अंतर ५१८ किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेच्या पावणेदोनपट. अकराएक तास लागतात. पण ते झोपेचे तास आहेत, कामाच्या दिवसातला त्यातला एकही तास जात नाही. रस्त्याने सात-आठ तास. नागपूरचं पाहा. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, सातारा, मिरज असा राज्याचा अर्धा परीघ फिरून येते. बाराशे किलोमीटरच्या वर प्रवास, आणि चोवीस तासांहून जास्त वेळ. पंढरपूर, लातूर, परभणी, हिंगोली, अकोला या जवळच्या वाटेने जाणारी गाडी आठवड्यातून दोनच दिवस. रस्त्याने आठशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे पंधराएक तास. मुंबईच्या वाटेवर विमान एक चांगली रात्रगाडी बदलतं. नागपूरच्या वाटेवर ते अख्खा दिवस आणि रात्र परत देतं. सार्वजनिक पैसा कुठे जावा?

हा वळसा का पडला, ते इतिहासात दिसतं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेने १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट ओलांडला तो कापूस आणि माल मुंबई बंदरात आणण्यासाठी. १८६७ मध्ये रूळ नागपुरात पोचले, १८७१ मध्ये रायचूरला. सगळ्या वाटा बंदराकडे. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, कोल्हापूर संस्थान, मधला मराठवाडा निजामाकडे. या तिघांना आडवं जोडण्यात कुणाला रस असणार? जे काही मधे झालं ते वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांवर झालं: मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद वाट, पूर्णा-हिंगोली-अकोला मीटरगेज, आणि नागपूरला ब्रॉडगेज. कोल्हापूर-मिरज-पुणे मार्गही १९७१ पर्यंत मीटरगेजच होता. ही सलग वाट ब्रॉडगेज व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. १९६० मध्ये राज्य एक झालं, पण रुळांचा आराखडा तीन राजवटींचाच राहिला. विमानाला रूळ लागत नाहीत. तरीही आपण प्रत्येक जिल्ह्याच्या गावातून पहिली मागणी मुंबईची करतो आणि १८६७ चाच आराखडा आकाशात पुन्हा काढतो, याचं वाईट वाटतं.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा: प्रवासी मुंबईचाच आहे. मंत्रालय तिथे, मोठी रुग्णालयं तिथे, परदेशाची विमानं तिथून. कोल्हापूर-नागपूरला रोज सत्तर माणसं कुठून आणणार? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईला मागणी खरोखरच आहे, आणि परदेशी जाणाऱ्याला तर फोर्टापर्यंतचा तो दीड तास लागतच नाही. त्याच्यासाठी मुंबईचं विमान उत्तम. पण मागणी पक्की असेल तर तो मार्ग तिकिटाच्या पैशावर चालायला हवा. मदत जिथे बाजार पोचत नाही तिथे द्यायची असते. दुसरं, मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. बहात्तर आसनांचं विमान तिथे दोनशे आसनांच्या विमानाइतकीच जागा अडवतं. म्हणून लहान विमानाला सकाळची वेळ मिळत नाही, दुपारची मिळते, आणि दुपारी पोचणारा माणूस त्या दिवशी काहीच करू शकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे ही टंचाई सैल होईल, हे मान्य. तेव्हा तर मुंबईच्या मार्गांना मदतीची गरज आणखी कमी उरेल. राहिला आडव्या मार्गावरचा प्रवासी. आज तो दिसत नाही, कारण चोवीस तासांची वाट पाहून तो जातच नाही. नदीवर पूल नसताना किती लोक पोहून जातात हे मोजून पुलाची गरज ठरवत नाहीत.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे: विमान श्रीमंतांचं, एसटी गरिबांची. यातला अर्धा भाग खरा आहे. ज्या तालुक्यात एसटीच्या फेऱ्या कमी होत आहेत तिथल्या माणसाला विमानतळाच्या काचेच्या इमारतीचं काय कौतुक असणार? पण पैसा कुठून येतो तेही पाहायला हवं. लहान शहरं विमानाने जोडण्याची केंद्र सरकारची उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ठरावीक आसनांचं भाडं बांधून दिलं, सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला २५०० रुपये, आणि तूट भरून द्यायचं ठरलं. हा पैसा मुख्यतः मोठ्या शहरांमधल्या विमान उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून येतो. आपल्यासारख्या राज्याचा वाटा २० टक्के. म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा प्रवासी नांदेड-हैदराबाद जाणाऱ्याला हातभार लावतो. एसटी १९४८ पासून हेच करत आली: भरणाऱ्या मार्गाच्या कमाईवर आडगावची गाडी चालते. हे तत्त्व चूक नाही. मार्गांची निवड चुकते. जिथे चांगली जलद रेल्वे आहे तिथे विमानाला मदत देणं मात्र मलाही अयोग्य वाटतं. फ्रान्सने अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येत असेल तिथली काही देशांतर्गत विमानं कायद्याने बंद केली, ती याच विचाराने. उलट स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जेमतेम पावणेतीन किलोमीटरचं विमान वर्षानुवर्षं चालतं, कारण मधे समुद्र आहे. अंतर हाच निकष असता तर ते पहिल्याच दिवशी बंद पडलं असतं. आपल्याकडे सोलापूर-मुंबई या जोडीला २०२३ पासून वंदे भारत आहे: ४५५ किलोमीटर, साडेसहा तास, आणि सरळ रेषेच्या जेमतेम सव्वापट वाट. सोलापूरकरांना विमान नको असं नाही. पण सोलापूर-गोवा जोडीला रेल्वे गदग-हुबळी-लोंढा असा फेरा मारते. मदतीचा पहिला हक्क त्या जोडीचा.

आता सर्वात दुर्लक्षित कसोटी, नेम. समजा कोल्हापूर-नागपूर विमान मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीन दिवस आहे. ज्याला जाण्याची गरज कुठल्याही क्षणी पडू शकते त्याला सरासरी किती थांबावं लागेल? मधली अंतरं दोन, दोन आणि तीन दिवसांची. लांब अंतरात गरज पडण्याची शक्यताही जास्त, म्हणून त्यांचे वर्ग घ्यायचे: चार, चार आणि नऊ. बेरीज १७, भागिले आठवड्याच्या सात दिवसांची दुप्पट १४ (दुप्पट, कारण सरासरी थांबणं अंतराच्या निम्मं असतं), म्हणजे १.२ दिवस, साधारण २९ तास. प्रवासाचे साडेचार धरले तर साडेतेहतीस. रोजच्या रेल्वेची सरासरी वाट १२ तासांची, प्रवास पंचवीसचा, बेरीज ३७. ज्या विमानाने वीस तास वाचतात असं आपण म्हणतो ते प्रत्यक्षात साडेतीन तास वाचवतं! तेच विमान रोज केलं तर १२ अधिक साडेचार, म्हणजे साडेसोळा. लग्नाला जाणारा तारीख आधी ठरवतो, त्याला तीन दिवस पुरतात, हे कबूल. पण कोर्टाची तारीख, मुलाखत, आजारी माणूस, बंद पडलेलं यंत्र यांना वार विचारून येण्याची सवय नसते, आणि सार्वजनिक पैशाचं समर्थन आपण यांचंच नाव घेऊन करतो.

नेम का टिकत नाही? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात उडानच्या मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे: ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी मदतीची तीन वर्षं ११२ नी पूर्ण केली, आणि त्यानंतरही टिकलेले फक्त ५४. योजनेचे विरोधक हा आकडा दाखवून थांबतात, समर्थक तो दडवतात. त्यामागची यंत्रणा कुणी सांगत नाही. लहान कंपनीकडे विमानं मोजकी. एकाच विमानाला दिवसभरात चार-पाच गावांच्या फेऱ्या. सकाळी एक सुटा भाग बिघडला की संध्याकाळपर्यंत सगळी गावं कोरडी. पर्यायी विमान ठेवणं परवडत नाही. लहान विमानतळाचा नियंत्रण कक्ष ठरावीक तासच उघडा. दुपारचं विमान दोन तास उशिरा निघालं की उतरायला परवानगीच उरत नाही. उपकरणांच्या आधाराने उतरण्याची सोय नसेल तर वैमानिकाला पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसावं लागतं, आणि पावसाळी ढगात किंवा डिसेंबरच्या धुक्यात ते दिसत नाही. उन्हाळ्याची अडचण वेगळी. कोल्हापूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे दोन हजार फुटांवर. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर, महाबळेश्वरच्याही वर जाते. इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, मग वजन कमी करण्यासाठी आसनं रिकामी सोडावी लागतात. एटीआरऐवजी ७६ आसनी एम्ब्रेअर जेट आणायचं तर विमानाची लांबी २८ मीटरच्या पुढे जाते आणि अग्निशमनाचा दर्जा पाचवरून सहावर न्यावा लागतो: एका बंबाऐवजी दोन, त्यांचं पाणी, फेस आणि पाळीतली माणसं. उद्घाटनाच्या भाषणात यातलं काहीच येत नाही. सोलापुरात साखर कारखान्याची एक चिमणी वर्षानुवर्षं वादात राहिली आणि २०२३ च्या जूनमध्ये पाडली गेली, तेव्हा कुठे विमानाच्या वाटेतला अडथळा म्हणजे काय हे लोकांना कळलं.

वायुदूत या सरकारी विमान कंपनीचा धडा तर चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. १९८१ मध्ये ती ईशान्येच्या दुर्गम भागासाठी निघाली आणि हेतू रास्त होता. मग प्रत्येक खासदाराच्या गावाला विमान हवं झालं. काही वर्षांत जाळं शंभराच्या आसपास ठिकाणांवर पसरलं, विमानं मात्र त्या प्रमाणात नव्हती. फेऱ्या विरळ झाल्या, रद्द होऊ लागल्या, भरवसा गेला, आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करावी लागली. शंभर गावांना आठवड्यातून दोनदा देण्यापेक्षा वीस जोड्यांना रोज द्यायला हवं होतं. आजही तेच करायला हवं.

म्हणून मागणी बदलूया. मार्ग निवडताना रेल्वेचं अंतर आणि हवाई अंतर यांचं गुणोत्तर काढा, आणि रात्रीत आरामात पोचवणारी गाडी आहे का ते पाहा. दीडपटीहून जास्त वळसा आणि रात्रगाडी नाही, अशा जोड्या आधी घ्या. तूट भरून देताना विकलेल्या आसनांबरोबर वेळेवर पूर्ण झालेल्या फेऱ्याही मोजा. तीन वर्षांत आडव्या मार्गाला प्रवाशांची सवय लागत नाही, मुदत वाढवा. इमारतीआधी उतरण्याची उपकरणं, हवामान मोजणी, दुसरा बंब आणि नियंत्रण कक्षाचे जास्त तास यांना पैसे द्या.

आणि विमान मुक्कामी ठेवा. एसटीची मुक्कामी गाडी ज्या गावात रात्री थांबते त्या गावाचा माणूस पहाटे निघून कचेरी उघडायच्या वेळी तालुक्याला पोचतो. ज्या गावाला गाडी दुपारी येऊन परत जाते त्याचा दिवस वाया जातो. विमानाचंही असंच आहे. ते मोठ्या शहरात रात्र काढत असेल तर कोल्हापूरला येतं दहा-अकराला. कोल्हापुरात रात्र काढली तर सात वाजता निघून साडेआठला नागपूर, दिवसभर ते नागपूर-नांदेड अशा फेऱ्या करेल, संध्याकाळी साडेसहाला नागपूरहून निघून आठला परत. त्यासाठी रात्री उभं राहायला जागा, पहारा, एक परवानाधारक तंत्रज्ञ, नेहमी लागणारे सुटे भाग, इंधनाचा टँकर, वैमानिकांची राहण्याची सोय आणि सकाळी सहाला उघडणारा नियंत्रण कक्ष एवढं लागतं. नव्या टर्मिनलच्या खर्चापुढे हे फार नाही. पुढच्या वेळी मार्ग जाहीर होईल तेव्हा किती मिनिटं लागणार हे विचारण्याआधी विमान रात्री कुठे थांबणार ते विचारायला हवं.